निताईला दिसलेला बांबू

"किनाऱ्याला घे! अरे ए, किनाऱ्याला घे म्हणतो ना!"

नाना बेंबीच्या देठापासून ओरडत होते. कमरेला ओला पंचा, अंगावरून पाणी निथळतंय, आणि दोन्ही हातांनी त्यांनी नावेचं वल्हं आवळून धरलेलं. वल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला निताई नावाडी. तो त्याच्या मोडक्या हिंदीत नानांपेक्षा वरच्या पट्टीत ओरडत होता — "छाड़ो दादू, छाड़ो! बीच में जाना है! बीच में!" सासरेबुवा नाव काठाकडे ओढतायत, नावाडी नदीच्या मधोमध. आणि मी? मी नावेच्या तळाशी श्रीखंडाचा डबा पोटाशी धरून, डोळे मिटून, येतील तेवढ्या देवांची नावं घेत होतो... त्यात दोन नावं तर आमच्या ऑफिसातल्या साहेबांची निघाली.

आता हे वाचून कुणीही म्हणेल की हा देवभोळा माणूस दिसतो. तर नाही. या सदरात येणारे अनुभव मी आजवर चहाबरोबर, हसत हसत वाचले आहेत. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी — माझा कशावरही काडीचा विश्वास नव्हता. शिवाय मी स्वतः पट्टीचा थापाड्या. दुसऱ्याची थाप मला तीन घरं पलीकडून वास येऊन कळते. म्हणूनच पन्नास वर्षं हा प्रकार मी कुठे लिहिला नाही. ज्या माणसानं हावडा ब्रिजवरून पतंग उडवून आगबोटीच्या कप्तानाची टोपी काढल्याची हकीकत वीस वर्षं सांगितली, त्यानं हे सांगितलं तर कोण ऐकणार? पण आता सौभाग्यवती शेजारी बसल्या आहेत आणि प्रत्येक वाक्य तपासून घेतायत. तेव्हा निर्धास्त वाचा.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. केंद्र सरकारच्या नोकरीत पुण्याहून बदली होऊन मी कलकत्त्याला आलो होतो. बागबाजारात, गंगेपासून चार-पाच मिनिटांवर, एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आणि वर गच्ची. तिथल्या लोकांना मराठी माणूस म्हटलं की एकदम जुने बर्गी, म्हणजे बंगालात लुटीला आलेले मराठे घोडेस्वार, आठवायचे. आमच्या घरमालकीणबाई तर पहिले दोन महिने भाडं घेताना दाराची साखळी काढत नसत.

नाना म्हणजे माझे सासरे. वाईचे. शाळेत कसरत शिकवून निवृत्त झालेले, वय सदुसष्ट, छाती अजून दरवाजाएवढी. कृष्णेच्या घाटावर अर्ध्या वाईला त्यांनी पोहायला शिकवलेलं. त्यांच्या घरी एक रीतच होती. पहिल्या दिवाळसणाला जावई आला की अभ्यंगस्नानानंतर त्याला घाटावर न्यायचं आणि पाण्यात उतरवायचं. थोरला जावई पलीकडे जाऊन आला, मधला निम्म्यातून. माझ्या वेळी मला सकाळी सकाळी सडकून ताप भरला. काखेत कांदा धरून मी तो कसा भरवला ते पुन्हा कधीतरी. मुद्दा एवढाच, की मला पोहता येत नव्हतं. अजिबात. बादलीत वाकून बघितलं तरी मला गरगरायचं.

एवढ्यावर थांबलो असतो तर पुढचं काही घडलंच नसतं. पण कलकत्त्याला आल्यावर नानांचं पोस्टकार्ड आलं — "गंगाकिनारी राहता, पोहण्याचा सराव ठेवता ना?" मी उत्तर लिहिलं, हो. पुढच्या पत्रात लिहिलं, दर रविवारी पोहून पलीकडे जातो. त्याच्या पुढच्या पत्रात, पलीकडे चहा घेऊन पोहतच परत येतो. शालिनी, म्हणजे आमच्या सौ., माझ्या खांद्यावरून वाचून म्हणाली, "अहो, चहा तरी राहू द्या." पण एकदा हात चालायला लागला की माझं मला आवरत नाही.

आणि त्या वर्षी गुढीपाडव्याच्या दोन दिवस आधी नाना स्वतःच येऊन दारात उभे राहिले. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात लेकीसाठी आंबा रंगाचा, लाल काठाचा खण आणि घरचा तांब्याचा तांब्या. अजून पाय धुतले नव्हते तेवढ्यात म्हणाले, "जावईबापू, पाडव्याला पाण्यात उतरायचं बरं का. तुम्ही आणि मी."

दोन रात्री मी झोपलो नाही.

पाडव्याच्या सकाळी गच्चीवर गुढी उभारली. पुरेशा लांबीचा बांबू काही मिळाला नाही, म्हणून मच्छरदाणीचे दोन बांबू एकाला एक जोडले. सुतळी सापडेना तेव्हा घाईत मी माझा ऑफिसचा टाय काढला — निळा, पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांचा — आणि जोडावर करकचून बांधला. वर नानांनी आणलेला खण, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, त्यावर तो तांब्या पालथा. नाना टायकडे बोट दाखवून हसत सुटले. "अहो, गुढी की तुमचे साहेब उभे केलेत?" गुढीच्या पायाशीच शालिनीनं जुनं लुगडं पसरून उडदाचे पापड वाळत घातले होते. गच्ची तेवढीच.

मी ऑफिसात आजारी असल्याची चिठ्ठी धाडली होती. बेत असा ठरला की बागबाजारच्या घाटावरून नाव करायची, ओहोटीच्या पाण्याबरोबर खाली शिबपूरच्या बोटॅनिकल गार्डनपर्यंत जायचं, तिथे काठावर श्रीखंड-पुरी खायची आणि भरतीबरोबर परत. नावेचा बेत माझाच. माझा हिशेब साधा होता — नावेत बसलेल्या माणसाला पोहायला कोण सांगतं?

निघताना शालिनीनं मला जिन्यात गाठलं. हळू आवाजात म्हणाली, "नानांना पाण्यात उतरू देऊ नका. ही कृष्णा नाही. आणि तुमचं ते खरं काय ते सांगून टाका एकदाचं."

"सांगतो ना, परत आल्यावर."

"परत आणा म्हणजे झालं."

हे तिचं शेवटचं वाक्य दिवसभर माझ्या कानात पाचरीसारखं बसलं होतं.

निताई नावाडी घाटावरच ठरवला. त्याआधी त्याला कधी पाहिलं नव्हतं. काळाकभिन्न, सुतळीसारखा बारीक, आणि डोळे असे की पलीकडच्या काठावरच्या बकरीची शिंगं मोजेल. त्यानं निघायच्या आधीच सांगून ठेवलं — आज बान येणार. बान म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, विशेषतः चैत्रात, समुद्राची भरती नदीच्या तोंडातून भिंतीसारखी उभी आत शिरते आणि थेट कलकत्त्याच्या पुढपर्यंत धावत जाते. घाटावर कुणी गाफील उभा असेल तर गेलाच. पण तिची वेळ ठरलेली असते. निताई म्हणाला, एक वाजता. दहा मिनिटं इकडे नाही की तिकडे नाही. आपण साडेबाराला काठ सोडायचा.

प्रवास काय सांगू! हावडा ब्रिजखालून गेलो तेव्हा वरून ट्रॅमची घंटा अशी पडल्यासारखी अंगावर आली. मग आगबोटी, माल वाहणाऱ्या गाधाबोटी, डावीकडे गार्डन रीचच्या जेट्ट्या, गोदामं, क्रेन. नाना नावेच्या टोकाशी मांडी घालून बसले होते आणि दर दहा मिनिटांनी विचारत होते, "तुम्ही पलीकडे जाता ते इथूनच का हो?" मी म्हणत होतो, "थोडं वरून." नदी इतकी रुंद झाली होती की पलीकडचा माणूस मुंगीएवढा दिसत होता. नाना तिकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे. ते बघणं मला पाण्यापेक्षा जास्त भिववत होतं.

साडेअकराच्या सुमाराला गार्डनच्या बाजूला एका पडक्या घाटाला नाव लागली. आणखी तीन-चार रिकाम्या नावा तिथे बांधलेल्या होत्या, माणूस कुणी नव्हतं. ओहोटी संपत आली होती. शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, त्यांच्या खाली चिखल. मी लगबगीनं डबे उघडायला लागलो. माझं आपलं एकच — खाण्यात वेळ काढायचा, मग साडेबारा वाजतील, मग घरी. पण मी पुऱ्या मोजतोय तोवर नानांनी सदरा काढला, पंचा गुंडाळला आणि थेट खालच्या पायरीवरून पाण्यात! कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्यांनी तीन बुचकळ्या मारल्या आणि हाक दिली —

"या, जावईबापू! उतरा!"

"नाना, आधी जेवून घेऊ."

"जेवून कुणी पोहतं का? या!"

"कडुलिंबाची चटणी राहिलीय नाना, पाडव्याची..."

"बर्गी लोग पानी से डरता है क्या?" निताई बिडी शिलगावता शिलगावता दात काढत म्हणाला.

मी एक पायरी उतरलो. मग दुसरी. पायाखाली शेवाळ. खरं सांगून टाकावं असं मनात येत होतं... पण तोंड उघडलं की त्यातून चटणीच निघत होती. नाना छातीइतक्या पाण्यात गेले. मला शालिनीचं ते जिन्यातलं वाक्य आठवत होतं आणि मी म्हाताऱ्याला नुसतं बघत उभा होतो.

आणि तेवढ्यात निताईची बिडी पाण्यात पडली.

तो नावेच्या टोकावर ताठ उभा होता. नदीच्या ऐन मधोमध बघत होता. मी तिकडे पाहिलं तर नुसतं पाणी — गढूळ, चमचमणारं, संथ. मग त्यानं जी किंकाळी फोडली, ती आठवली की अजून माझ्या मानेवरचे केस उभे राहतात. "बान! बान आश्छे! उठो!" त्यानं उडी मारली, नानांना काखेत धरून खेचलं, मला मानगुटीला धरून नावेत टाकलं — माझं वजन तेव्हा पंचाहत्तर किलो होतं, सौ. म्हणतात अठ्ठावन्न — आणि दोर सोडायला न थांबता कोयत्यानं तोडला. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. पावणेबारा वाजले होते.

यानंतरचं तुम्हाला ठाऊक आहे. नाना वल्ह्याला लटकलेले, निताई बोंबलतोय, आणि मी श्रीखंडाला कवटाळून.

"अहो नाना, सोडा ते!" मी ओरडलो. "त्याला कळतं!"

"तुम्ही गप्प बसा! बुडाली तर तुम्ही काय करणार? तुम्हाला तर पोहताही येत नाही!"

त्या गोंधळातही मी थक्क झालो. "...तुम्हाला कसं कळलं?"

"शालूनं पहिल्याच पत्रात लिहिलं होतं! शिकवायला आलोय मी तुम्हाला, मूर्खासारखे पायऱ्यांवर काय नाचत होतात!"

म्हणजे म्हातारा स्वतःसाठी काठ मागत नव्हता. माझ्यासाठी मागत होता. मी डबा टाकला आणि नानांच्या कमरेला मिठी मारून त्यांना मागे ओढलं. वल्हं सुटलं. निताईनं चार-पाच हिसक्यांत नाव मधोमध नेली आणि तिचं टोक समुद्राकडे फिरवलं.

आधी आवाज आला. लांबून मालगाडी पुलावर चढावी तसा. मग खालच्या वळणावर दोन्ही काठांना पांढरी रेघ दिसली, धावत येणारी. ही लाट मी आजवर तीन मजल्यांची सांगत आलो. सौ. समोर आहेत म्हणून पुरुषभर लिहितो — तीही काठाशी. मधोमध ती फुटलीच नाही. नुसता पाण्याचा एक गुळगुळीत उंचवटा आमच्या खालून गेला. नाव वर चढली, एक क्षण आकाशाकडे तोंड करून उभी राहिली... आणि खाली बसली. मागे वळून पाहिलं तर ज्या पायरीवर मी उभा होतो ती दिसत नव्हती. घाटावर पाणी फुटून वरच्या झाडापर्यंत उडालं होतं. बांधलेल्या त्या रिकाम्या नावांतली एक घाटाच्या माथ्यावर उताणी पडली होती, बाकीच्यांच्या फळ्या तरंगत होत्या.

नाना माझा हात धरून बसले होते.

मग मी निताईला विचारलं, "एक वाजता येणार होती ना? तुला आधी कसं कळलं?"

तो मला उलट विचारायला लागला. वो बाँस किसका था बाबू?

कुठला बांबू?

त्याचं म्हणणं मी मराठीत सांगतो. नदीच्या मधोमध, जिथे माणसावर माणूस रचला तरी तळ लागणार नाही अशा पाण्यात, त्याला एक बांबू उभा दिसला. रोवल्यासारखा. भोवती नाव नाही, कुणी नाही. ओहोटीचं पाणी समुद्राकडे जात होतं, म्हणजे पाण्यात उभी कुठलीही काठी समुद्राकडे कलायला हवी. हा बांबू आधी ताठ होता... आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत हळूहळू उलटा कलला. कलकत्त्याकडे. म्हणजे खालचं पाणी फिरलं होतं. त्यानं मग घड्याळाचा विचार केला नाही.

"कसा होता बांबू?" नानांनी विचारलं. एवढं हिंदी त्यांना येत होतं.

निताई हातवारे करून सांगायला लागला. दो टुकड़ा जोड़ के. ऊपर कपड़ा, पका आम जैसा, लाल पाड़. उसके ऊपर लोटा, उलटा. नीम का पत्ता. आणि बोलता बोलता त्यानं आपल्या गळ्याशी हात नेला, गाठ आवळल्यासारखं केलं — और जोड़ पे वो, जो साहब लोग गले में बाँधता है. नीला.

"इतक्या लांबून टायची गाठ दिसली तुला?" मी विचारलं.

"बाबू, एक हाथ दूर था जैसे," तो म्हणाला, आणि नदीला नमस्कार केला.

आमची नाव त्याच पाण्यात उभी होती. तिथे काहीही नव्हतं.

परतीचे दोन-अडीच तास भरतीनं आम्हाला ढकलत आणलं आणि मी डोकं चालवत होतो. मी काही खुळा नाही. म्हटलं, यानं सकाळी घाटावरून आमची गच्ची पाहिली असेल. दुसऱ्या दिवशी जाऊन बघून आलो — घाटावरून आमची गच्ची दिसतच नाही, मध्ये तीन मजली घर आणि त्याची पाण्याची टाकी आडवी येते. मग म्हटलं, नाना वाटभर टायवरून हसत होते, ते यानं ऐकलं असेल. ऐकलंही असेल. पण नाना हसत होते ते मराठीत, आणि खणाचा रंग, लाल काठ, पालथा तांब्या यांतलं तर कुणीच काही बोललं नव्हतं. बान तासाभरानं आधी का आली हे घाटावरच्या जुन्या नावाड्यांनाही सांगता आलं नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ती आणली. तरीसुद्धा एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. उन्हात डोळ्यांना काहीही दिसतं, नावाडी हुशार होता, असं म्हणून मी हा सगळा प्रकार केव्हाच पचवला असता. माझं अडतं ते पुढच्या एका गोष्टीपाशी. तिचा उलगडा मला अजून झालेला नाही, नानांना शेवटपर्यंत झाला नाही, आणि जिला विचारावं तिला तो करावासाच वाटत नाही.

तीनच्या आत आम्ही गल्लीत शिरलो. बागबाजारात कडकडीत ऊन, रस्त्यावर धूळ, आठवडाभरात पावसाचा थेंब नाही. आम्ही वाटेत ठरवलं होतं, शालिनीला आज काही सांगायचं नाही. जिना चढताना नाना मध्येच थांबले आणि म्हणाले, "आधी गच्चीवर."

गच्चीवर गुढी नव्हती. कोपऱ्यात, जिथे ती बांधली होती तिथे, नुसता कठडा. खाली लुगड्यावर पापड पसरलेले, वाळून कडक, कडा वर वळलेल्या. नानांनी एक उचलून मोडला. कट्कन मोडला.

गुढी उतरवायची ती सूर्यास्ताच्या आधी, हळदकुंकू वाहून, घरच्या पुरुषानं. आमच्या घरी शालिनी या बाबतीत अशी कडक की एकदा मी अर्धा तास आधी हात लावला तर दोन दिवस बोलली नव्हती. मी धडधडत खाली आलो. ती स्वयंपाकघरात होती. तिनं आधी नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, दोघेही आहेत ना एवढंच मोजल्यासारखं, आणि पुन्हा पोळी लाटायला लागली.

"अगं, गुढी कुठे आहे?" मी विचारलं.

"उतरवली मी दुपारीच," ती मान वर न करता म्हणाली. "चिंब झाली होती. खाली पापड होते ना."